लिंबाची पानं रातोरात गायब? फवारणीआधी 'आरोपी' नीट ओळखा

बागकामाच्या कुठल्याही मराठी फेसबुक ग्रुपवर पावसाळ्यात एक पोस्ट हमखास दिसते. कुंडीतलं लिंबाचं रोप, कडेने कुरतडलेली पानं, एका पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखा डाग आणि खाली प्रश्न, 'हे काय आहे? काय फवारू?' कमेंटमध्ये सल्ल्यांचा पाऊस पडतो. कुणी निंबोळी तेल सांगतं, कुणी तंबाखूचं पाणी, कुणी थेट कीटकनाशकाच्या बाटलीचा फोटो टाकतं.

दोन दिवसांनी त्याच ग्रुपवर दुसरी पोस्ट येते, 'आमच्या गच्चीवर फुलपाखरं यावीत म्हणून कोणती झाडं लावावीत?'

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. लिंबाचं झाड.

कारण पानावरचा तो डाग म्हणजे विष्ठा नसते, रोग नसतो. ते फुलपाखराचं पिल्लू असतं.

पक्ष्याची विष्ठा नाही, सोंग आहे

लाइम बटरफ्लाय नावाचं काळं-पिवळं ठिपकेदार फुलपाखरू महाराष्ट्रात जवळपास सगळीकडे दिसतं. त्याची मादी लिंबाच्या कोवळ्या पालवीवर एकेक करून अंडी घालते. अंडं फिकट पिवळं, गोल, मोहरीपेक्षाही लहान. त्यातून निघणारी अळी तपकिरी रंगाची आणि अंगावर पांढरा पट्टा असलेली असते. पक्ष्यांना खाण्यात रस नसलेली एकच गोष्ट पानावर सापडते, ती म्हणजे पक्ष्याचीच विष्ठा. अळी नेमकं तेच सोंग घेऊन बसते.

वाढताना ती चार वेळा कात टाकते. शेवटच्या टप्प्यात सोंग बदलतं आणि अळी पानासारखी हिरवीगार होते. या वयात तिला काडीने डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी-लाल रंगाचं दुभंगलेलं शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. पाहणाऱ्याला वाटतं, ही आता डसणार. पण तिच्याकडे दंश नाही आणि अंगाला खाज आणणारे केसही नाहीत. तो वास मुंग्यांना आणि छोट्या शत्रूंना पळवण्यासाठी असतो. (केसाळ अळ्यांचं मात्र वेगळं. शेवग्यावर झुंडीने दिसणाऱ्या केसाळ अळ्या पतंगाच्या असतात, त्यांना हात लावू नका.)

उबदार हवेत अंड्यापासून फुलपाखरू व्हायला साधारण तीन-चार आठवडे लागतात. थंडीत कोष जास्त दिवस तसाच राहू शकतो.

लिंबूच का? बाकी झाडं काय कमी आहेत?

फुलपाखरांबद्दल सर्वात मोठा गैरसमज हा की फुलं लावली की झालं. फुलं हे हॉटेल आहे. मोठं फुलपाखरू तिथे मध प्यायला येतं आणि निघून जातं. पण संसार मांडायला मादीला ठरावीक झाडाचं पान लागतं, कारण तिच्या पिल्लांना तेवढंच पचतं. अशा झाडाला 'खाद्य वनस्पती' म्हणतात. बागेत शंभर झेंडू असले आणि खाद्य वनस्पती एकही नसली, तर फुलपाखरं पाहुणी म्हणून येतील, राहायला नाही.

मादी हे पान ओळखते पायांनी. तिच्या पुढच्या पायांवर चव कळणारे अवयव असतात. पानावर उतरून ती पाय आपटते, पानातल्या रसायनांची चव घेते आणि मगच अंडं घालायचं की नाही ते ठरवते. लिंबू, मोसंबी, संत्रं, पपनस, बेल, कढीपत्ता ही सगळी एकाच कुळातली झाडं. आपल्याला चुरगळलेल्या लिंबाच्या पानाला येणारा वास मादीला पत्त्यासारखा असतो. म्हणून लाइम बटरफ्लाय बेलावरही सापडतं आणि कॉमन मॉर्मन हे काळं फुलपाखरू स्वयंपाकघराबाहेरच्या कढीपत्त्यावरही.

या कॉमन मॉर्मनची एक भन्नाट गोष्ट सांगायलाच हवी. त्याच्या काही माद्या हुबेहूब 'कॉमन रोझ' या दुसऱ्याच फुलपाखरासारख्या दिसतात. कॉमन रोझ पक्ष्यांना बेचव लागतं, त्यामुळे पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. मॉर्मनची मादी चवीला ठीकठाक, पण नुसत्या कपड्यांवर वाचते.

आणि मग येतो खरा स्टार. ब्लू मॉर्मन, म्हणजे आपल्याकडे निलवंत किंवा राणी पाकोळी. तळहाताएवढं मोठं, काळ्या पंखांवर आकाशी निळी झाक. 2015 मध्ये महाराष्ट्राने याला राज्य फुलपाखरू जाहीर केलं आणि असं करणारं ते देशातलं पहिलं राज्य ठरलं. सह्याद्रीच्या आसपास आणि कोकणात ते जास्त दिसतं, पण मुंबई-ठाण्याच्या बागांमधूनही फिरतं. त्याच्या अळ्या कुठे वाढतात? जंगलात लिंबाच्या कुळातल्या रानझुडपांवर, आणि घराजवळ लिंबू, पपनस यांच्या पानांवर. राज्य फुलपाखराचे फोटो शेअर करणारे आपण आणि त्याच्या अळीवर पंप मारणारेही आपणच, असा हा मामला आहे.

पण माझ्या रोपाचं काय?

प्रश्न रास्त आहे. नर्सरीतून दोन-तीनशे रुपये देऊन आणलेलं रोप आठवड्यात काटकी झालं तर राग येणारच. लिंबाच्या रोपवाटिकांमध्ये ही अळी खरोखरची कीड मानली जाते, कारण तिथे सगळी रोपं लहान असतात आणि हिरव्या अळीची भूक जबर असते. शेवटच्या चार-पाच दिवसांत ती पानामागून पान संपवते.

म्हणून हिशेब झाडाच्या वयावर करायचा. रोप फूट-दीड फुटाचं असेल तर त्यावर एखादी अळी ठेवावी, बाकीच्या हलवाव्यात. हलवायच्या म्हणजे अळी बसलेलं पानच कात्रीने कापायचं आणि ते त्याच जातीच्या मोठ्या झाडावर टाचणीने किंवा क्लिपने अडकवायचं. अळी स्वतःहून नव्या पानावर जाते. चिमट्याने ओढू नका, तिचे पाय पानाला घट्ट धरलेले असतात. झाड चार-पाच फुटांचं, भरगच्च असेल तर काहीही करू नका. लिंबाला नवी पालवी फुटत राहते आणि खाल्लेल्या फांद्यांवर काही आठवड्यांत पुन्हा पानं दिसतात.

शिवाय सगळी अंडी फुलपाखरापर्यंत पोहोचतच नाहीत. बारीक गांधीलमाश्या अंड्यांवर आणि अळ्यांवर वाढतात. शिंपी, दयाळ हे पक्षी पिल्लांना भरवायला अळ्या उचलतात. म्हणजे बागेत अळ्या असतील तर शिंपी पक्ष्याचं घरटं असण्याची शक्यताही वाढते.

मात्र लिंबाच्या पानावरचं प्रत्येक दुखणं फुलपाखराच्या माथी मारू नका. पानावर चांदीसारख्या नागमोडी रेघा दिसत असतील आणि पान वळत असेल, तर ती नागअळी. ती एका अगदी छोट्या पतंगाची अळी असते आणि पानाच्या पापुद्र्याखाली राहते. पानावर, फळावर खरबरीत तपकिरी फोड असतील तर तो खैऱ्या, हा जिवाणूंमुळे होणारा रोग आहे. अशी पानं काढून टाकावीत. फुलपाखराच्या अळीची खूण सोपी आहे. पान कडेपासून सरळ खाल्लेलं, आणि खाली बारीक काळपट लेंड्या पडलेल्या.

फळ धरायला मदत कुणाची? फुलपाखराची की आणखी कुणाची?

इथे थोडी निराशा पदरी पडेल. परागीभवनाच्या कामात फुलपाखरू फोटोत छान दिसतं, पण कामाचा मोठा भार मधमाश्यांवर असतो. फुलपाखराची सोंड लांब आणि पाय उंच, त्यामुळे अंगाला पराग कमी लागतो. लिंबाचं तर स्वतःच्या परागावरही भागतं.

महाराष्ट्रात परसबागेत येणाऱ्या मधमाश्या मुख्यतः चार. मोठ्या इमारतींना आणि उंच झाडांना पोळी लटकवणारी आग्या, झाडाच्या ढोलीत राहणारी आणि पेटीतही पाळता येणारी सातेरी, झुडपात तळहाताएवढं एकच पोळं करणारी फुलोरी, आणि भिंतीच्या फटीत राहणारी चिमुकली पोया. पोया डंख मारत नाही. भिंतीतून मेणाची बारीक नळी बाहेर आलेली दिसली आणि तिच्या तोंडाशी माश्या ये-जा करत असतील, तर ते पोयाचं दार. घर रंगवताना ही भोकं सिमेंटने बुजवली जातात आणि अख्खं कुटुंब आत कोंडलं जातं. रंगाऱ्याला आधी सांगून ठेवलं तर ते टळतं.

पण सगळीच झाडं मधमाशीवर अवलंबून नसतात, आणि याचं सर्वात भारी उदाहरण आपल्या अंगणातच आहे.

सीताफळ वेडंवाकडं का होतं?

सीताफळाचं फूल कधी नीट पाहिलंय? हिरवट, जाडसर, खाली तोंड करून लटकलेलं. ना रंग, ना डौल. मधमाशी त्याच्याकडे फिरकत नाही. त्याचे पाहुणे म्हणजे काही मिलिमीटर लांबीचे तपकिरी भुंगेरे, जे पिकलेल्या-सडलेल्या फळांच्या वासाने येतात.

शिवाय या फुलात वेळापत्रकाचा घोळ आहे. त्याचा मादी भाग आधी तयार होतो, तेव्हा पाकळ्या नुसत्या किलकिल्या असतात. पराग सुटतात नंतर, फूल पूर्ण उघडल्यावर. तोवर मादी भागाची वेळ टळलेली असते. म्हणजे एका फुलातले पराग दुसऱ्या, अर्धवट उघडलेल्या फुलात कुणीतरी न्यावे लागतात. हे काम त्या भुंगेऱ्यांचं.

सीताफळाचा प्रत्येक 'डोळा' फुलाच्या एकेका वेगळ्या स्त्रीकेसरापासून बनतो. जेवढ्यांना पराग मिळाले तेवढे डोळे फुगतात, बाकीचे दबून राहतात. एका बाजूला बसकं, वाकडं सीताफळ दिसलं तर समजायचं की त्या बाजूला पाहुणा पोहोचलाच नव्हता.

घरच्या झाडाला फुलं भरपूर, पण फळ धरत नाही, ही तक्रार सासवडपासून सोलापूरपर्यंत ऐकू येते. अशा वेळी दोन गोष्टी करता येतात. झाडाखालचा पालापाचोळा झाडून साफ करू नका, एखादं सडकं फळही राहू द्या, भुंगेरे तिथेच वाढतात. आणि हौस असेल तर मऊ ब्रश घ्या. पूर्ण उघडलेल्या फुलातले पराग एका वाटीत झटका आणि सकाळी लवकर अर्धवट उघडलेल्या फुलांच्या आत हलक्या हाताने फिरवा. कडक, कोरड्या उन्हात धरलेली फुलं गळतातच, त्यामुळे हा प्रयोग पाऊस सुरू झाल्यावर करावा.

या झाडाचं फुलपाखरू वेगळं आहे, टेल्ड जे. काळ्या पंखांवर पोपटी ठिपके आणि क्षणभरही स्वस्थ न बसणारं. मध पितानाही पंख फडफडत असतात, त्यामुळे मोबाइलवर फोटो बहुतेक वेळा धूसर येतो. त्याच्या अळ्या सीताफळ, रामफळ, हनुमानफळ यांची पानं खातात. सोसायट्यांच्या कंपाउंडला रांगेने लावलेल्या उंच खोट्या अशोकाच्या पानांवरही वाढतात. त्यामुळे ज्या सोसायटीत तो अशोक आहे, तिथे सीताफळ लावल्यावर पाहुण्याची फार वाट पाहावी लागत नाही.

डाळिंब : इथे मात्र फुलपाखरूच चोर

आतापर्यंतच्या सगळ्या सल्ल्याला डाळिंब अपवाद आहे. गुआवा ब्लू नावाचं फुलपाखरू डाळिंबाच्या कळीवर किंवा कोवळ्या फळावर अंडं घालतं. अळी पान खात नाही. ती भोक पाडून थेट फळात शिरते, दाणे खाते, आणि त्या भोकातून बुरशी शिरून फळ सडतं. व्यावसायिक बागांमध्ये ही गंभीर कीड आहे. पेरूच्या फळातही ती सापडते, नावातला 'गुआवा' तिथूनच आला.

'निसर्ग आहे, खाऊ दे' म्हणायचं असेल तर म्हणा, पण चार डाळिंबं लागलेल्या झाडावर ते महाग पडतं. उपाय फवारणीचा नाही, पिशवीचा आहे. फळ सुपारीएवढं झालं की मलमलीची किंवा कागदी पिशवी सैलसर बांधायची. फूल असताना बांधू नका, नाहीतर माश्या आणि शिंजीर पक्षी फुलापर्यंत पोहोचणार नाहीत. पेरूवरच्या फळमाशीलाही हीच पिशवी चालते.

डाळिंबाची निम्म्याहून जास्त फुलं गळताना पाहून घाबरू नका. या झाडाला दोन प्रकारची फुलं येतात. बुडाशी निमुळती, घंटेसारखी दिसणारी फुलं नर असतात, ती गळणारच. बुडाशी फुगीर, छोट्या सुरईसारखी फुलं फळ धरतात.

आणखी काय लावता येईल?

जागा असेल तर बोर. त्याची हिरवट-पिवळी फुलं कुणाच्या लक्षातही येत नाहीत, पण फुलोऱ्याच्या दिवसांत माश्या, गांधीलमाश्या, मुंग्या यांची तिथे जत्रा भरते. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचं इवलंसं कॉमन पिअरो बोरीच्याच पानांवर वाढतं.

आंब्याच्या पानावर कॉमन बॅरनची अळी असते, पण ती शोधून दाखवणं हा स्वतंत्र खेळ आहे. हिरव्या अंगाला पिसासारखे काटे आणि पाठीवर पानाच्या मधल्या शिरेशी जुळणारी रेघ. आंब्याच्या मोहरावर घोंगावणाऱ्या साध्या माश्यांना हाकलू नका, मोहराचं परागीभवन बऱ्याच अंशी त्याच करतात.

बाल्कनीच्या ग्रिलवर वेल चढवायचा असेल तर पॅशन फ्रूट, म्हणजे कृष्णकमळाच्या कुळातला फळवेल. त्याचं मोठं फूल मधमाशीच्या अंगाला नीट बसत नाही, तिथे लाकूड पोखरणारा काळा भुंगाच लागतो. तो सुक्या बांबूत आणि वाळक्या लाकडात घर करतो, म्हणून कोपऱ्यात एखादा जुना बांबू पडू द्या. पिवळ्या फळाच्या जातीला दुसऱ्या रोपाचे पराग लागतात, तेव्हा ती एकटी लावू नका. याच्या पानांवर टॉनी कॉस्टर हे केशरी फुलपाखरू येतं.

पपईच्या फुलांना संध्याकाळी मंद सुगंध येतो. तो रात्री फिरणाऱ्या पतंगांसाठी असतो.

'ऑरगॅनिक आहे, काही होत नाही'

निंबोळी अर्क नैसर्गिक आहे हे खरं. पण त्यातला अझाडिरॅक्टिन हा घटक किड्यांची कात टाकण्याची प्रक्रियाच बिघडवतो. फुलपाखराची अळीही कात टाकते, आणि अर्काला दोघींतला फरक कळत नाही. बाजारात 'जैविक' म्हणून मिळणारं बीटी हे जिवाणूजन्य कीटकनाशक तर बनलंय अळ्यांसाठीच. फुलपाखरांसाठी लावलेल्या झाडावर ते मारणं म्हणजे आमंत्रण देऊन दारात सापळा लावणं.

रासायनिक औषधांत इमिडाक्लोप्रिडसारखी निओनिकोटिनॉइड गटातली औषधं जास्त त्रासदायक, कारण ती पानावर न राहता झाडाच्या रसात भिनतात आणि फुलाच्या मधात, परागातही उतरतात. मधमाश्यांना असलेल्या धोक्यामुळे युरोपियन युनियनने 2018 मध्ये इमिडाक्लोप्रिडसह अशा तीन औषधांच्या उघड्यावरील वापरावर बंदी घातली. भारतात ती मिळतात. रोप आणताना नर्सरीवाल्याला 'यावर शेवटचं काय मारलंय?' एवढं विचारायला काहीच हरकत नाही.

मग मावा, पिठ्या ढेकूण आले तर काय करायचं? पाण्याचा जोरदार फवारा, नाहीतर सौम्य साबणाच्या पाण्यात बुडवलेला कापूस, आणि तोही लागण झालेल्या जागीच. आधी पानाची मागची बाजू बघून घ्या.

फ्लॅटमध्ये हे जमतं?

रोज पाच-सहा तास ऊन येत असेल तर जमतं. कागदी लिंबू 16 ते 18 इंचांच्या कुंडीत फळतं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने काढलेली 'साई शरबती' ही जात परसबागेत लोकप्रिय आहे. गुटीचं रोप बियांच्या रोपापेक्षा लवकर फळतं. शेजारी कढीपत्त्याची एक कुंडी ठेवली की मॉर्मनची सोय होते. मोठ्या फुलपाखरांना मधासाठी इक्झोरा, पेंटास, सदाफुली चालते. तुळशीच्या मंजिऱ्या सगळ्याच खुडू नका, पोया आणि फुलोरी त्यावर तुटून पडतात. कुंडीत आपोआप उगवणारी एकदांडीही उपटण्याआधी दोनदा विचार करा. घाणेरीवर फुलपाखरं खूप येतात, पण ती परदेशी आणि जंगलं व्यापणारी वनस्पती आहे, मुद्दाम लावू नये.

ताटलीत ओली माती ठेवली तर नर फुलपाखरं क्षार शोषायला त्यावर बसतात. काही जाती फुलांकडे ढुंकूनही पाहत नाहीत, बॅरन आणि इव्हिनिंग ब्राउनला जास्त पिकलेलं केळं किंवा पेरू हवा असतो. तो दोन दिवसांत बदला, नाहीतर फळमाश्या आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी दोन्ही वाढतील.

पावसाळा संपत येताना, सप्टेंबर ते नोव्हेंबर, फुलपाखरं सर्वात जास्त दिसतात. सप्टेंबरमध्ये देशभर 'बिग बटरफ्लाय मंथ' साजरा होतो. अळीपासून फुलपाखरापर्यंतचे फोटो 'आयनॅचरलिस्ट'वर टाकले की जात ओळखायलाही मदत मिळते. एकाच जागी भरपूर जाती पाहायच्या असतील तर ठाण्यात घोडबंदर रोडजवळची ओवळेकर वाडी आहे.

अळी एके दिवशी अचानक गायब होईल. पक्ष्याने नेली असेल, किंवा ती कोष करायला निघाली असेल. कोषासाठी ती बरेचदा झाड सोडून चालू लागते, आणि मग ग्रिलवर, कुंडीच्या कडेखाली, कपडे वाळत घालायच्या स्टँडवरही सापडते. कोष हिरवा किंवा तपकिरी असतो, आसपासच्या रंगावर ते ठरतं. मध्यभागी रेशमाचा एक धागा असतो, पाठीला टेकवलेल्या दोरीसारखा. तो तोडू नका. आतल्या पंखांचा रंग बाहेरून दिसायला लागला की फुलपाखरू दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, बहुतेक वेळा सकाळी, बाहेर येतं. पंख ओले आणि चुरगळलेले असतात. ते सुकायला तास-दोन तास लागतात. तेवढा वेळ स्टँडवरचे कपडे काढू नका.